रंजनाचे ऋण

मराठी समीक्षेच्या परिभाषेत ‘रंजन’ हा शब्द सहसा एकटा येत नाही. ‘केवळ’, ‘निव्वळ’, ‘सवंग’ अशी विशेषणे त्याच्या सोबतीला असतात. एखादी कृती ‘केवळ रंजनपर’ आहे असे म्हटले, की तिच्याविषयी आणखी काही बोलण्याची आवश्यकता उरत नाही, असा जणू संकेतच आहे. रंजनाची बाजू घेणारे लेखक आपल्याकडे झाले नाहीत असे नाही, ना. सी. फडके यांचे नाव या संदर्भात चटकन आठवते. परंतु रंजन इष्ट की अनिष्ट या वादात, ते घडते कसे, कोणाच्या श्रमातून घडते आणि आपला आनंद कोणाकोणाचे देणे लागतो, हे प्रश्न मागे पडले. हे प्रश्न मला ज्या कृतीने सर्वाधिक तीव्रतेने विचारायला लावले, ती कादंबरी नाही, नाटकही नाही. ती अमेरिकेच्या भूमीत, हॉलिवूडच्या ऐन भरात तयार झालेला एक संगीतपट आहे. त्याचा विषयच मुळी रंगमंचावर एक ‘खेळ’ उभा करणे हा आहे.

‘द बँड वॅगन’ (१९५३) या एमजीएमच्या चित्रपटाचे दिग्दर्शक व्हिन्सेंटी मिनेली, निर्माते आर्थर फ्रीड आणि पटकथालेखक बेटी कॉमडेन व अ‍ॅडॉल्फ ग्रीन. गीते हॉवर्ड डिट्झ यांची, संगीत आर्थर श्वार्ट्झ यांचे. यांतील बरीच गाणी या जोडीच्या जुन्या नाट्यप्रयोगांतली आहेत. चित्रपटाचे नावही त्यांच्याच १९३१ च्या ब्रॉडवेवरील ‘रिव्ह्यू’वरून घेतलेले आहे. रिव्ह्यू म्हणजे गाणी, नाच आणि प्रहसने यांची सैल गुंफण असलेला रंगमंचीय प्रकार. त्या मूळ प्रयोगात फ्रेड अस्टेअर आणि त्याची बहीण अडेल एकत्र नाचले होते. पुढच्या वर्षी अडेल विवाह करून रंगभूमीवरून निवृत्त झाली. चित्रपटातला टोनी हंटर हा उतरत्या काळातला नर्तक-नट जेव्हा अस्टेअर साकारतो, तेव्हा पात्र आणि नट यांच्यातली सीमारेषा सहेतुक पुसट ठेवलेली असते. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा अस्टेअर ५४ वर्षांचा होता.

आरंभीच टोनीची टोपी आणि छडी लिलावात निघते आणि तिला गिऱ्हाईक मिळत नाही. न्यूयॉर्कच्या स्थानकावर पत्रकारांचा घोळका उभा असतो, पण तो त्याच्यासाठी नसतो, अ‍ॅव्हा गार्डनरसाठी असतो. मग तो फलाटावरून एकटाच, जवळजवळ स्वतःशीच गुणगुणत चालू लागतो. लिली आणि लेस्टर हे लेखक-दांपत्य त्याच्यासाठी एक हलकेफुलके संगीतक घेऊन आलेले असते. त्याच्या दिग्दर्शनासाठी ते जेफ्री कॉर्डोव्हा या प्रतिभावंताची निवड करतात. कॉर्डोव्हा त्या वेळी ‘ईडिपस’ करीत असतो. बालवाङ्मय लिहिणारा एक लेखक पैशासाठी हत्याकथा लिहू लागतो, एवढ्या साध्या कथासूत्रात त्याला आत्मा विकणारा फाउस्ट दिसतो. न्यू हेवनमध्ये हा आधुनिक ‘फाउस्ट’ सपशेल कोसळतो. त्यानंतर टोनी आपल्या संग्रहातली चित्रे विकून पैसा उभा करतो, तेच मंडळ गावोगावच्या दौऱ्यावर निघते आणि गाण्या-नाचांचा साधा रिव्ह्यू होऊन विजयी मुद्रेने न्यूयॉर्कला परत येते.

वरवर पाहता चित्रपटाचा सिद्धान्त स्पष्ट आहे : कला गर्विष्ठ असते आणि रंजन निर्मळ असते. परंतु चित्रपट हा सिद्धान्त स्वतःच पाळत नाही. नायिका गॅब्रिएल ही अभिजात बॅलेची नर्तकी आहे आणि ती भूमिका करणारी सिड चॅरिस हीही बॅलेच्या शिस्तीतून आलेली. विजयी रिव्ह्यूचा कळस म्हणजे मिकी स्पिलेन यांच्या हेरकथांचे विडंबन करणारा एक प्रदीर्घ नृत्यबंध, आणि तो रचणारे मायकेल किड स्वतः बॅले कंपनीत नाचलेले. म्हणजे दारातून हाकललेली ‘कला’ खिडकीतून आत घेतली आहे, आणि यजमान मात्र ती आल्याचे कबूल करीत नाही.

या प्रकारच्या संगीतपटांवर जेन फॉयर यांनी १९७७ मध्ये लिहिलेला निबंध आता अभ्यासकांच्या नित्य परिचयाचा आहे. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे : रंगमंचामागचे दाखवणारा संगीतपट वरवर रंजनाचे रहस्य उघड करतो, पण अखेरीस ते नव्याने झाकून टाकतो. रंजन उत्स्फूर्त असते, ते माणसांना एकत्र आणते आणि प्रेक्षक हा त्याचा सहभागी असतो, ही मिथके तो अधिक पक्की करतो. ‘द बँड वॅगन’ हा त्यांच्या मांडणीतला एक प्रमुख दाखला आहे. चित्रपटाची रचना न्याहाळली की या प्रतिपादनाचा पुरावा थक्क करणारा वाटतो. कॉर्डोव्हाच्या ‘फाउस्ट’साठी आपण तालमी पाहतो. यंत्रांनी वरखाली होणारे मंच एकमेकांत अडकतात, टोनी आणि गॅब्रिएल नाचत असताना त्यांच्या पायांजवळ धुराचे स्फोट होत राहतात. मात्र प्रत्यक्ष प्रयोग आपल्याला दिसतच नाही. प्रेक्षक आत जातात, काही विषण्ण चित्रे पडद्यावर येतात, त्यांतले शेवटचे एका प्रचंड अंड्याचे असते, आणि मग अंत्ययात्रेतून परतल्यासारखे चेहरे बाहेर पडतात. इंग्रजी रंगभूमीच्या बोलीत अंडे घालणे म्हणजे प्रयोग पडणे. उलट विजयी रिव्ह्यूचे प्रयोग आपण एकामागून एक पाहतो, परंतु त्यांची एकही तालीम आपल्याला दाखवली जात नाही. येथे अपयशाला तालीम आहे, पण प्रयोग नाही. यशाला प्रयोग आहेत, पण तालीम नाही. घाम हा जणू केवळ वाईट कलेचाच गुणधर्म आहे! अस्टेअर, जॅक ब्यूकॅनन आणि नॅनेट फॅब्रे हे तिघे अर्भके बनून जे गाणे करतात, ते त्यांनी गुडघ्यांना बुटे बांधून, गुडघ्यांवर नाचून केले आहे. ते पाहताना आपण हसतो, आणि गुडघ्यांचा विचार करीत नाही.

पदव्युत्तर वर्गात स्व-संदर्भी संहितांचा विचार करताना हा चित्रपट मी दाखवत आले आहे. एका वर्षी हे सारे विवेचन संपल्यावर मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, मग आता हा आवडून घ्यायचा की नाही?” वर्ग हसला. मला मात्र तो प्रश्न आपल्या विद्येच्या मर्मावर बोट ठेवणारा वाटला. संहितेच्या गाठी उकलण्याची साधने आपण विद्यार्थ्यांच्या हाती देतो, परंतु उकलून झाल्यावर उरलेल्या आनंदाचे काय करायचे, याविषयी काही सांगत नाही. परिणामी काहींना आपला आनंद लपवावासा वाटतो, तर काहींना सिद्धान्तच नकोसा होतो. त्या विद्यार्थिनीला मी त्या दिवशी रिचर्ड डायर यांचा दाखला दिला. रंजन आदर्श जगाची रचना सांगत नाही, ते जग अनुभवताना कसे वाटेल याची चव देते, असे ते म्हणतात. ऊर्जा, विपुलता, उत्कटता, पारदर्शकता आणि सामूहिकता या ज्या गोष्टींची जगात वाण असते, त्यांचीच ही चव असते. हे उत्तर उपयुक्त आहे, पण पुरेसे नाही. चव खरी असली तरी ती ज्यांनी सिद्ध केली त्यांचा हिशेब त्यात येत नाही.

सेंट्रल पार्कमधला प्रसंग घ्या. टोनीला वाटते, ही बॅलेची नर्तकी आपल्याला तुच्छ लेखते. गॅब्रिएलला वाटते, या थोर माणसासमोर आपण उण्या पडू. भांडण होऊन गेल्यावर, आपल्याला एकत्र नाचता येईल का हे पाहण्यासाठी दोघे टोनीच्या हॉटेलमधल्या खोलीतून बाहेर पडतात. बागेत लोक जोडीजोडीने नाचत असतात. त्यांच्यामधून ही दोघे न बोलता चालत पुढे जातात. मोकळी जागा येते. चालण्यात कुठेतरी एक किंचित गिरकी येते, मग तिला उत्तर येते, आणि चालणे कोणत्या पावलाला नृत्य झाले हे सांगता येत नाही. नाच संपतो तोही घोडागाडीत चढून शांत बसण्यात. येथे ना संवाद, ना गायन. फॉयर यांच्या दृष्टीने हा उत्स्फूर्ततेच्या मिथकाचा उत्तम नमुना ठरेल, कारण ही बाग स्टुडिओतली आहे आणि हे ‘सहज’ पाऊल मोजून टाकलेले आहे. ते मान्य करूनही मला असे म्हणावेसे वाटते, की हा प्रसंग उत्स्फूर्ततेचा नसून परीक्षेचा आहे. संपूर्ण चित्रपटात दडवलेली तालीम येथे, आणि येथेच, प्रेमाच्या रूपात प्रकट होते. दोन माणसे परस्परांचे वजन, उंची आणि लय यांचा अंदाज घेत आहेत. ‘तुझ्यासोबत मला काम करता येईल का?’ हा प्रश्न ती देहाने विचारत आहेत. श्रमाला इतके सुंदर रूप लाभलेले मी पडद्यावर क्वचितच पाहिले आहे.

परंतु याच चित्रपटात आणखी एक जोडीचा नाच आहे, आणि त्याचा हिशेब वेगळा लागतो. न्यूयॉर्कला आल्यावर टोनी ४२ व्या रस्त्यावर जातो. त्याच्या आठवणीतल्या नाट्यगृहांच्या जागी आता नाण्यांवर चालणाऱ्या खेळांची आर्केड उभी असते. तेथे एका बूटपॉलिशवाल्याच्या पायांना तो अडखळतो, त्याच्या खुर्चीवर बसतो, आणि दोघांचे नृत्य सुरू होते. हा कृष्णवर्णीय नर्तक म्हणजे लेरॉय डॅनिएल्स. प्रत्यक्ष आयुष्यातही तो लॉस एंजेलिसमध्ये बूटपॉलिशचाच व्यवसाय करीत असे. ब्रश आणि फडके यांच्या तालावर तो असे काही नाचतो, की मरगळलेल्या टोनीत प्राण परततात. गाणे संपते, टोनी ताजातवाना होऊन निघून जातो, आणि डॅनिएल्स पुन्हा चित्रपटात दिसत नाही. श्रेयनामावलीत त्याचे नाव नाही. पुढे कॉर्डोव्हा मोठ्या आवेशात सांगतो, की शेक्सपिअरच्या काव्याची लय आणि बिल रॉबिन्सनच्या पावलांची लय यांत भेद नाही. रॉबिन्सन हा थोर कृष्णवर्णीय टॅप-नर्तक १९४९ मध्ये निवर्तला होता. दिवंगत कृष्णवर्णीय नर्तकाला शब्दांत शेक्सपिअरशेजारी आसन, आणि जिवंत नर्तकाची जागा आर्केडमध्ये, गिऱ्हाइकाच्या पायांशी! अस्टेअरने ‘स्विंग टाइम’मध्ये (१९३६) याच रॉबिन्सनला नृत्यातून मानवंदना दिली होती, आणि तीही तोंडाला काळा रंग फासून. एकाच देहबोलीत आदर आणि अवमान नांदू शकतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

तत्त्वज्ञ स्टॅन्ली कॅव्हेल यांनी डॅनिएल्ससोबतच्या या नृत्यात अस्टेअरची ऋणाची कबुली पाहिली. कृष्णवर्णीय नृत्यपरंपरेने आपल्याला काय दिले हे येथे नर्तक नाचूनच मान्य करतो, आणि स्तुती करण्याचा आपला अधिकार तपासतो, असे त्यांचे वाचन आहे. रॉबर्ट गुडिंग-विल्यम्स यांनी ‘लुक, अ नीग्रो!’ (२००६) या ग्रंथात त्याला हरकत घेतली. कबुली कितीही सुंदर असली तरी सेवकाला सेवकाच्या जागीच ठेवणारी व्यवस्था या नाचाने जशीच्या तशी राहते, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख आहे. या वादात मला दुसरी बाजू अधिक बळकट वाटते. पण पहिली सोडून देता येत नाही. कबुलीचा संकेतच त्या नाचात नसता, तर तिचे अपुरेपणही दिसले नसते.

आवाजाचीही अशीच कथा आहे. सिड चॅरिसचे गायन इंडिया अ‍ॅडम्सचे आहे. तिच्या आवाजातले एक गाणे या चित्रपटातून वगळले गेले. तेच ध्वनिमुद्रण त्याच वर्षी ‘टॉर्च साँग’मध्ये जोन क्रॉफर्डच्या ओठांवर बसवले गेले. एका आवाजाला दोन देह मिळाले, आणि नाव मात्र कुठेच मिळाले नाही. पार्श्वगायकांची नावे तोंडपाठ असणाऱ्या आपल्या प्रेक्षकाला हे विशेष खटकावे. मौज अशी, की याच दोन लेखकांच्या ‘सिंगिंग इन द रेन’ची (१९५२) सारी गोष्ट उसना आवाज आणि त्याचे श्रेय यांभोवती फिरते. तेथे पडदा वर जातो आणि मागे गाणारी मुलगी जगाला दिसते. वर्षभराने त्याच स्टुडिओत पडदा खालीच राहिला.

आपल्या प्रबंधांच्या आरंभी ‘ऋणनिर्देश’ नावाचे एक पान असते. ते बहुधा सर्वांत शेवटी लिहिले जाते आणि परीक्षक ते चाळून पुढे जातात. चित्रपटातल्या नामावलीला मात्र आपण ‘श्रेयनामावली’ म्हणतो. श्रेय हे करारानुसार वाटले जाते. ऋण करारात मावत नाही. समीक्षेने ‘द बँड वॅगन’सारख्या कृतीबाबत करावयाचे काम मला या दोन शब्दांच्या दरम्यान दिसते. बागेतल्या त्या नाचाने झालेला आनंद खोटा ठरवण्याची गरज नाही. तो आनंद ज्यांच्या पावलांवर, गुडघ्यांवर आणि गळ्यांवर उभा आहे, त्यांची नावे त्या आनंदातच मिसळून उच्चारता यावीत, इतके आपले पाहणे सावध व्हायला हवे. अखेरच्या दृश्यात सारे मंडळ टोनीभोवती गोळा होते आणि रंजनाचे स्तोत्र पुन्हा एकदा गाते. त्या घोळक्यात लेरॉय डॅनिएल्स नाही. हे लक्षात आल्यावरही ते गाणे मला आवडते. मात्र ते संपेपर्यंत त्याची रिकामी जागा मला दिसत राहते, आणि आवडण्याचा हाच प्रकार त्या विद्यार्थिनीपुढे ठेवण्याजोगा आहे, असे मला वाटते.