म्हशाच्या बाजारातील घोटाळा

पौष पौर्णिमेस म्हशाची यात्रा भरते. कल्याणहून मुरबाड गाठावे आणि तेथून कर्जतच्या रस्त्यास लागावे, म्हणजे हे गाव येते. देवाचे नाव खांबलिंगेश्वर. परंतु भोवतालचे लोक त्यास म्हसोबा म्हणूनच ओळखतात. देवासच जेथे दोन नावे, तेथे माणसांविषयी घोटाळा व्हावा यात नवल ते काय!

घोंगड्यांची दुकाने मागे टाकून मी बैलबाजारात शिरलो. खरेदी करावयाची नव्हती. हेडी व गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवितात, तो प्रकार पाहण्याची हौस. डोळ्यांस चष्मा, काखेत चामडी पिशवी, हाती वही. बैल दोनदाती झाला म्हणजे सुमारे अडीच वर्षांचा आणि आठही दात जुळले म्हणजे चार-पाच वर्षांचा, एवढी विद्या मजजवळ होती. ती पडताळण्यासाठी एका बैलाचे दात मोजून आकडा टिपला, तोच त्याचा म्हातारा धनी हात जोडून म्हणाला, "डाक्टरसाहेब, पायाला काही नाही हो. लांबून चालून आलाय म्हणून लंगडतो."

बैल लंगडतो हे मला त्याच्याच तोंडून कळले! गिऱ्हाइकानेही ते ऐकले व रुमालाखालचा हात काढून घेतला. मी डॉक्टर नव्हे, असे मी परोपरीने सांगितले. "साहेब बोलायचं टाळतात, म्हणजे काहीतरी आहे खास," असे पुटपुटत तो चालता झाला.

ईव्ह रोबेर यांच्या १९७२ सालच्या एका फ्रेंच चित्रपटाची मला आठवण झाली. 'एका काळ्या बुटाचा उंच, सोनेरी केसांचा मनुष्य' असे काहीसे त्याचे लांबलचक नाव. पिएर रिशार यांनी रंगविलेला भोळा व्हायोलिनवादक विमानतळावर उतरतो, तो दोन पायांत दोन रंगांचे बूट घालून. तेवढ्यावरून हेरखात्यातील मंडळी त्यास पट्टीचा हेर समजून त्याच्या मागे लागतात. तो सहज जे करील त्यात त्यांस गूढ अर्थ दिसतो. सोंग घेणाऱ्या नायकाचे विनोद आपल्याकडे उदंड आहेत; येथे बिचारा कसलेच सोंग घेत नाही, ही खरी मौज. तो चित्रपट पाहताना मी पोट धरधरून हसलो होतो. म्हशात मात्र त्या म्हाताऱ्याच्या मुद्रेकडे पाहवेना.

अखेर आम्ही दोघे खऱ्या पशुवैद्याच्या शोधास निघालो. त्यांनी खूर उचलून बेचक्यात रुतलेला खडा काढला, आणि बैल चार पावलांत नीट चालू लागला. ते गिऱ्हाईक काही पुन्हा सापडले नाही. दिवेलागणीस म्हातारा बैल हाकीत घराकडे वळला; जाताना मला म्हणाला, "येतो हं, डाक्टरसाहेब."