तीन नंबरचा बावटा

उरणच्या मोरा बंदरात धोक्याच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा चढला की मुंबईतल्या भाऊच्या धक्क्याची लाँच सुटत नाही. वारा किती, कमी दाबाचा पट्टा कुठे, याची चर्चा धक्क्यावर कुणी करत नाही. त्या आकड्यातच काय थांबवायचं ते ठरलेलं असतं, आणि कुणी थांबवायचं तेही.

कंपन्यांच्या संचालक मंडळासाठी सायबर धोक्याची टिपणं तयार करणं हे माझं काम. मोऱ्याला येताना लाँचमधून न्हावा-शेव्याच्या क्रेन दिसल्या की मला 27 जून 2017 आठवतो. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटलेला नॉटपेट्या हा संगणकी विषाणू त्या दिवशी डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीत शिरला, आणि इथे न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरात त्याच समूहाकडे असलेल्या गेटवे टर्मिनल्सचं कामकाज कोलमडलं. क्रेन धडधाकट होत्या. पण कुठला कंटेनर कुठे ठेवलाय आणि कुठल्या ट्रेलरवर चढवायचा, हे सांगणारी यंत्रणा गेली की यार्डात उरतात ते फक्त लोखंडी डबे. मर्स्कला दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि 45 हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसान 25 ते 30 कोटी डॉलरचं. जाळ्याचा नकाशा सांभाळणाऱ्या मुख्य सर्व्हरची एकच प्रत वाचली, ती घानात. तिथली वीज गेली होती म्हणून.

मला जास्त अस्वस्थ करते ती आधीची गोष्ट. अँडी ग्रीनबर्ग यांनी 2018 मध्ये ‘वायर्ड’ मासिकात लिहिलं, की मर्स्कच्या आयटीतल्या काही अधिकाऱ्यांनी 2016 मध्येच सगळ्या जाळ्याची सुरक्षा नव्याने बांधायचा आग्रह धरला होता. त्याला मंजुरी मिळाली, पैसेही मिळाले. पण वरिष्ठांचं काम ज्या निकषांवर जोखलं जाई, त्यांत ते आलंच नाही, आणि राहून गेलं. म्हणजे इशारा पोचला होता. तो अमलात आणणं कुणाच्या गळ्यात पडलं नव्हतं.

म्हणूनच धोका दाखवणाऱ्या लाल-पिवळ्या-हिरव्या चौकटींच्या तक्त्यांवर माझा राग आहे. लाल चौकट बघून संचालक गंभीर होतात, ‘आपण सुरक्षित आहोत ना?’ विचारतात, ‘काम चालू आहे’ हे उत्तर इतिवृत्तात जातं आणि चहा येतो. त्यांना दोष देऊन भागत नाही. जमाखर्च वाचण्यात मुरलेल्या माणसांपुढे आपण उत्तर देता येईल असा प्रश्नच ठेवलेला नसतो. बंदराचं गेट बंद पडलं तर किती तासांनी ट्रेलरची रांग उरणच्या रस्त्यावर येईल? कागद-पेन्सिलीवर दिवसाला किती कंटेनर निघतील? बॅकअप घेतो म्हणता, तो परत उतरवून शेवटचा कधी पाहिला? आणि यंत्रणा जाळ्यापासून तोडायची वेळ रात्री दोनला आली, तर कुणाला न विचारता कोण तोडणार?

या शेवटच्या प्रश्नापुढे बैठकीत हमखास शांतता पसरते. तो अधिकार एकाला द्यायचा म्हणजे उद्या खोट्या धोक्यापायी दिवसभराचं काम बुडालं, तरी त्या माणसाला जाब विचारायचा नाही. हे कबूल करणं मंडळाला जड जातं, ते मला समजतं. तरीही इतिवृत्तात ते नाव लिहिलं जाईपर्यंत पुढचा विषय घेऊ नये, हा माझा आग्रह असतो.