लॉजची कार्डं आणि तुकोबांची वाट

पालखी मुक्कामाला आली की बारामतीत पाय ठेवायला जागा राहत नाही. शारदा प्रांगणाकडे दर्शनाची रांग, गल्लीगल्लीत पंगती, मोकळी जागा दिसेल तिथे वाळत घातलेली धोतरं आणि लुगडी. ओळखीच्या दिंडीचा ट्रक शोधत मी हिंडत होतो. खांद्याच्या पिशवीत टाळ होते आणि प्लास्टिकच्या पाकिटात जपून घातलेली काही जुनी पोस्टकार्डं.

ही कार्डं मी बरीच वर्षं जमवतो आहे. विषय एकच: बंधुसंघांच्या इमारती आणि त्यांचे सोहळे. फ्रीमेसन, ऑडफेलो, एल्क अशा मंडळींनी अमेरिकेत गावोगावी आपापली लॉज बांधली, आणि पहिल्या महायुद्धाआधी चित्रकार्डांना बहर आला तेव्हा त्या इमारती हजारोंनी छापून विकल्या गेल्या. शिकागोचं एकवीस मजली मेसॉनिक टेंपल १८९२ मध्ये उभं राहिलं आणि १९३९ मध्ये पाडलं गेलं. आता ते बघायचं तर अशा कार्डांवरच. माझं सगळ्यात लाडकं कार्ड मात्र मिरवणुकीचं आहे. जुलै १९०७, फिलाडेल्फियात एल्क मंडळींचा मेळावा. पताकांनी भरलेला रस्ता, एकसारख्या पोशाखात रांगा धरून चाललेली माणसं. त्याच वर्षी १ मार्चपासून तिथे कार्डाच्या पाठीवर पत्त्याशेजारी मजकूर लिहायला परवानगी मिळाली होती. त्याआधी सगळं चित्राच्या कडेला कोंबावं लागे. ही नवी मोकळीक मिळालेल्या माणसाने घरी काय कळवलं आहे, तर ऊन फार आहे आणि पाय सुजले आहेत.

आपल्याकडेही लॉज होती. गोऱ्यांच्या लॉजमध्ये हिंदी माणसाला शिरकाव मिळेना, म्हणून डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने १८४३ मध्ये मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ निघालं. माणेकजी कर्सेटजी हे त्यातले अगदी सुरुवातीचे सभासद. मुंबईच्या फोर्टात फ्रीमेसन हॉल आजही उभा आहे. बारामती-इंदापूरच्या वाटेवर मला लॉजच्या तोडीचा बंधुसंघ दिसतो तो दिंडीत. तिला नंबर असतो, रथाच्या पुढेमागे ठरलेली जागा असते, विणेकरी असतो, चोपदाराचा शब्द असतो. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये हा पालखी सोहळा सुरू केला. म्हणजे लंडनचं ग्रँड लॉज स्थापन झालं त्या १७१७ सालाच्याही आधी.

सकाळी बारामती सोडली. काटेवाडीला गर्दीने दम कोंडला, पण जागा सोडवेना. पालखी रथातून उतरवून खांद्यावर घेतात आणि गावातली परीट मंडळी तिच्या वाटेत धोतरांच्या पायघड्या घालतात. मी रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून बघत होतो. पालखी पुढे सरकली की मागचं धोतर दोघं जण झटक्यात उचलतात, डोक्यावरून पुढे पळवतात आणि पुन्हा अंथरतात. एकाच्याही किनारीला चुणी नाही. मग मेंढ्यांचं रिंगण: धनगर कळप घेऊन येतात आणि मेंढ्या फुफाटा उडवत गोल धावतात. यामुळे कळपाला रोगराई शिवत नाही अशी श्रद्धा आहे. परीट, धनगर, खांदेकरी, ज्याचा मान त्याच्याकडे. आणि तो बजावताना त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते एल्कांच्या कार्डावरच्या पहिल्या रांगेत मी भिंग लावून पाहिलेलं आहे.

सणसरचा मुक्काम उसाच्या फडांमध्ये झाला. दुसऱ्या दिवशी बेलवाडीचं गोल रिंगण. आधी पताकावाले धावले, मग डोक्यावर तुळशी घेतलेल्या बायका, मग विणेकरी आणि मृदंगी, शेवटी अश्व. अश्व गेले की लोक टापांखालची माती कपाळाला लावायला तुटून पडतात. तुळस सावरत धावणाऱ्या साठीच्या बायका बघताना मला लॉजची कार्डं फार अपुरी वाटली. त्यांत बाई दिसते ती बहुतेक वेळा फुटपाथवर, बघ्यांत. पण आपणही छाती फुगवायचं कारण नाही. इरावती कर्वे वारीत चालल्या तेव्हा त्यांच्या दिंडीत ब्राह्मणांची आणि मराठ्यांची जेवणं वेगवेगळी होत होती, आणि ते त्यांना सलत राहिलं. माणेकजींना नाकारणारं दार आपल्याकडेही होतंच, फक्त ते पंगतीत होतं.

निमगाव केतकीचा मुक्काम करून इंदापूरला पोचलो. तिथलं रिंगण मला लांबूनच दिसलं. मालोजीराजांच्या गढीकडे जायचं मनात होतं, पण पायांनी ऐकलं नाही. राहुटीत दिंडीप्रमुख अण्णांना कार्डं दाखवली. शिकागोची इमारत त्यांनी बघून बाजूला ठेवली. फिलाडेल्फियाचं कार्ड मात्र बराच वेळ हातात धरलं.

“एवढी माणसं. जेवायला कुणाकडं होती?”

“ते काही कार्डावर नाही, अण्णा.”

“मग काय कळलं त्यातनं?”

त्यांनी पत्र्याच्या पेटीतून दिंडीची वही काढली. कुणी किती भिशी भरली, ट्रकचं भाडं, राहुट्यांचे दोर, आणि दर गावात पंगत कुणाची. सणसरच्या ओळीत एक नाव खोडून त्याच्या मुलाचं घातलेलं, तेही खोडून नातवाचं. शिवण सुटलेली, काही पानांवर आमटीचे डाग. माझ्याजवळच्या एकाही कार्डावर बंधुसंघ चालतो कसा याचा इतका चोख हिशोब नाही. अशा वह्या दरसाल ओल्या होतात, हरवतात, रद्दीत जातात, आणि कुणी त्या जमवत नाही याचं मला त्या रात्री फार वाईट वाटलं.

पानांचे फोटो काढू का, म्हणून विचारलं.

“फोटो कशाला? उतरवूनच काढा की माऊली. नवी वही घालायचीच आहे.”

सराटीच्या वाटेवर प्रत्येक विसाव्याला मी तेच करत बसलो.