‘पालकांची अनास्था’

परवा मुंबईतला स्टेजवरचा फोटो टाकला आणि तुम्ही सगळ्यांनी भरभरून अभिनंदन केलंत. मालवणच्या मच्छी मार्केटात दोघीतिघींनी थांबवून विचारपूस केली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! पण त्या फोटोनंतरच्या दोन मिनिटांत काय झालं, ते सांगायचं राहिलंय.

नवीन जोडल्या गेलेल्यांसाठी: मी फिजिओथेरपिस्ट. देवबाग-तारकर्लीपासून सर्जेकोट-तळाशिलपर्यंतच्या किनाऱ्यावरच्या लहान मुलांबरोबर काम करते. मान उशिरा धरलेली, वर्ष उलटलं तरी न बसणारी, सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं. मुलांच्या विकासावरच्या एका परिषदेत मला आठ मिनिटं मिळाली होती. संध्याकाळी कुडाळहून तुतारी पकडली, पिशवीत खाजा आणि लॅपटॉप. रात्रभर वरच्या बर्थवर मनातल्या मनात भाषण म्हणत होते.

विषय साधा होता. २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. तुमच्या अंगणवाडीत डॉक्टरांची गाडी येते ना, तोच. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची ३० प्रकारच्या आजार-दोषांसाठी तपासणी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा. ही खरोखर चांगली गोष्ट आहे. मी शिकत होते तेव्हा चार-पाच वर्षांचं मूल पहिल्यांदा डॉक्टरांसमोर यायचं, कारण घरात आजी म्हणायची, ‘ह्येचो बापूसपण उशिराच चलाक लागलो.’ आता मूल लवकर सापडतं. त्यासाठी साधनंही आहेत. तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्राने केलेला एक तक्ता आहे, दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, फक्त १७ गोष्टी बघायच्या. अंगणवाडी सेविकासुद्धा काही मिनिटांत तो वापरू शकते.

माझा मुद्दा पुढचा होता. मूल सापडल्यावर ते उपचाराला येत राहतं का? त्यासाठी मी माझ्या वहीतल्या हजेरीचा महिन्यांप्रमाणे आलेख केला होता. जून-जुलैत चढ, ऑगस्टपासून घसरण, मग जवळजवळ सपाट. पाचव्या स्लाईडवर कारणं लिहिली होती. पहिलंच कारण मोठ्या अक्षरांत: ‘पालकांची अनास्था’.

बोलून झालं, टाळ्या पडल्या, फोटो निघाला. मग मागच्या रांगेतल्या एक वयस्कर डॉक्टर उठल्या. म्हणाल्या, “कोकणात पावसाळ्यात प्रवासाचे हाल. तरी तुमच्याकडे ऐन पावसात मुलं जास्त येतात. असं का?” मी काहीतरी म्हटलं, शाळा सुरू होतात वगैरे. माझी मुलं तर शाळेत जाण्याच्या वयाचीही नाहीत! त्यांनी मान हलवली आणि शांतपणे विचारलं, “आणि ही अनास्था तुम्ही मोजलीत कशी?”

मोजली नव्हती. माझ्या फॉर्ममध्ये ‘गैरहजर – कारण’ असा एक रकाना आहे. मूल दोनदा आलं नाही की मीच तो भरायचे. बहुतेक वेळा टेबलावर बसूनच.

दुपारच्या सत्रात आणखी टोचलं. अंकाराच्या डॉ. इल्गी एर्तेम यांनी मुलांच्या विकासावर लक्ष ठेवायची एक पद्धत तयार केली आहे. भारत, तुर्कस्तान, अर्जेंटिना आणि दक्षिण आफ्रिका अशा चार देशांतल्या मुलांवर तिचा अभ्यास झाला, भारतातलं काम मुंबईत झालं. त्या पद्धतीत आईला हो-नाहीचे प्रश्न विचारत नाहीत. आधी मोकळा प्रश्न असतो, मुलाबद्दल तुला काही काळजी वाटते का, आणि मग ती बोलेल ते ऐकायचं. मी वही उघडून हे लिहून घेतलं आणि लिहिता लिहिता शरम वाटली. इतक्या वर्षांत मी आयांना विचारलेले प्रश्न आठवून बघा: व्यायाम केलात? किती वेळा? का नाही केलात?

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी एका घरी गेले. गावाचं नाव लिहीत नाही, वाडीत सगळे सगळ्यांना ओळखतात. चार वर्षांचा मुलगा, सेरेब्रल पाल्सी. गेल्या जुलैत तो माझ्यासमोर बाकाला धरून स्वतःच्या पायांवर उभा राहिला होता, त्याचे आईबाबा दोघंही रडले होते. ऑगस्टपासून येणं बंद. वहीत माझ्या अक्षरात: अनास्था.

या वेळी मी नुसतंच म्हटलं, “वयनी, काय अडचण होते गे, सांग.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “जून-जुलैत होडये वर असतत, ह्येचो बापूस घराक असता. तो उचलून येष्टीपर्यंत नेता. मगे तो दर्यार गेलो काय मी एकटी. पुळणीतसून ह्येका उचलूक माका जमणा नाय.”

एवढंच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, हे किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी इथलीच. माझ्या आलेखातला चढ म्हणजे ती बंदी होती, आणि नारळी पौर्णिमेला नारळ दर्यात गेला की माझी मुलं घरात अडकत होती. मुंबईला जाऊन कोणीतरी विचारेपर्यंत मला ते दिसलं नाही.

त्यांच्या पडवीत सरकारकडून मिळालेली व्हीलचेअर आहे, चांगली नवी कोरी. पुळणीत ती चाकं रुतेपर्यंत चार हात जाते. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्याचा उपयोग झालाच, पण अर्ध्या तिकिटाने चार वर्षांचं मूल हलकं होत नाही. मालवणपर्यंत कसंबसं आणलं तरी मोठी तपासणी म्हटली की पुढे तीसेक किलोमीटर ओरोस, नाहीतर थेट गोव्याला बांबोळी. तपासणीची गाडी अंगणवाडीच्या दारात येते. उपचाराला मात्र मुलानेच दारातून निघायचं, आणि तेही आठवड्याला, वर्षानुवर्षं.

मुलाचा पाय बघितला. टाच जमिनीला टेकत नाही. मुलांचं हाड वाढत जातं आणि ताठर स्नायू त्या मानाने वाढत नाही, म्हणून रोज ताण द्यावा लागतो, नाहीतर टाचेमागची शीर आखडते. आता आधी प्लॅस्टर लावून बघू, नाही जमलं तर ऑपरेशन. हे सगळंच टळलं असतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण तेवढे महिने हातात होते. निघताना ती सहज म्हणाली, “तुमी कदी इचारलातच नाय.” रागाने नाही, म्हणून जास्त लागलं.

पाचवी स्लाईड बदलली आहे. परिषदेच्या आयोजकांनाही कळवलं आहे की ते कारण माझा अंदाज होता, निष्कर्ष नव्हे. फॉर्ममधला रकाना आता आईला विचारून, तिच्या शब्दांत भरते.

आणि दर मंगळवारी दुपारी, अंगणवाडी सुटल्यावर, मी त्याच वाडीत येणार आहे. सेविकाताई तयार आहेत, खोलीच्या परवानगीसाठी ग्रामपंचायतीला अर्ज दिलाय. आसपासच्या घरांतली आणखी दोन मुलं येतील. चटया आणि मोठा बॉल माझ्याकडे आहे. भिंतीला धरून उभं राहायला लाकडी दांडा हवा आहे, मुलाच्या छातीइतक्या उंचीवर ठोकलेला. कुणा सुताराला एक दुपार मोकळी असेल तर कळवा. लाकूड होडीच्या कारखान्यातलं उरलंसुरलं चालेल.