वही बघणारं कुणीतरी

डिप्लोमावाल्यांना एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, जड जातो, हे इंजिनिअरिंग कॉलेजात इतकं गृहीत धरलेलं असतं की त्याचं कुणाला काही वाटत नाही. लातूरच्या शासकीय तंत्रनिकेतनातून मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी पुण्यात थेट दुसऱ्या वर्षाला आले, तेव्हा हॉस्टेलच्या मुलींनी नाव-गाव विचारल्यावर पुढचं वाक्य हेच ऐकवलं होतं. मला ते पटलं नव्हतं. डिप्लोमाला टक्के चांगले होते, आणि बारावी करून आलेल्यांच्या मानाने वर्कशॉप, ड्रॉइंग, मशीनचे विषय मला हातचे वाटत होते.

अडचण हुशारीची नव्हतीच. डिप्लोमाचा निकाल लागणार, मग प्रवेशाच्या कॅप फेऱ्या, मग कागदपत्रांची पडताळणी. एवढं होऊन आम्ही वर्गात पोचलो तेव्हा एम-थ्रीचं पहिलं युनिट संपलं होतं आणि सेमिस्टरच्या मधली इन-सेम परीक्षा तोंडावर होती. त्यात इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष आम्ही केलेलं नसतं, म्हणजे एम-वन आणि एम-टू हे दोन्ही पेपर आमच्या आयुष्यात आलेलेच नसतात. सर मात्र 'हे तुम्ही फर्स्ट इयरला केलंय' म्हणून दोन पायऱ्या गाळून पुढे जात. वर्गातल्या बहुतेकांनी ते केलेलं होतं, त्यामुळे सरांचंही चुकत नव्हतं.

मदत नव्हती असं मात्र कुणी म्हणू नये. कागदावर ती भरपूर होती. प्रत्येकाला एक मेंटॉर नेमलेला होता. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यमापनात एका मेंटॉरमागे किती विद्यार्थी हे विचारलं जातं, म्हणून तो नेमावाच लागतो. आमच्या मॅडम एक फॉर्म फिरवायच्या. त्यात हजेरी, आईवडिलांचा नंबर, 'काही अडचण?' असा एक रकाना. त्यात सगळेजण 'नाही' लिहायचे, मीही लिहिलं. मॅडमच्या गटातल्या वीस-पंचवीस जणांसमोर मला गणित येत नाही असं कोण लिहिणार?

मग रेमेडियल लेक्चर लागलं. इन-सेमला कमी मार्क पडलेल्यांना शनिवारी दुपारी बसवायचे. तिथे तेच सर, तोच फळा, तीच गणितं, फक्त वेग जास्त, कारण दोन तासांत अख्खं युनिट उरकायचं असे. जे मला पहिल्यांदा कळलं नव्हतं, ते दुसऱ्यांदा तसंच सांगितल्यावरही कळलं नाही.

कॉलेजच्या बाहेर, कोपऱ्यावरच, खाजगी क्लास होते. एका विषयाची फी माझ्या मेसच्या दोन महिन्यांच्या पैशांएवढी. घरी विचारायची हिंमत झाली नाही. हॉस्टेलचेच पैसे बाबांनी सोसायटीकडून कर्जाने उचलले होते. फुकटात होतं ते मोबाइलवर, व्हिडिओ लेक्चरचं. आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने 2003 मध्ये सुरू केलेलं एनपीटीईएल, 2017 पासून सरकारचं स्वयम. शिकवणारे एकापेक्षा एक. मी रात्री कानात हेडफोन घालून बघायचे, थांबवायचे, मागे घ्यायचे, परत बघायचे. पण व्हिडिओ थांबवता येतो, त्याला आपली वही दाखवता येत नाही. शिवाय हे पुणं. इथे अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत, पण त्या शांत बसण्यासाठी. शेजारच्याला काही विचारलं तर लोक मान वर करून बघतात.

सेमिस्टर संपत आली तेव्हा व्हेक्टर कॅल्क्युलसचं युनिट सुरू झालं आणि फळ्यावर वळलेल्या शेपटीचा डी आला. सर त्याला 'डो' म्हणत. डो एफ बाय डो एक्स. मला वाटलं, ही लिहायची निराळी पद्धत असेल. डी तो डीच. त्या समजुतीवर मी पानंच्या पानं गणितं केली आणि एकाचंही उत्तर पुस्तकाशी जुळेना.

माझ्या शेजारच्या खोलीत फायनल इयरची एक ताई राहायची. नांदेडची, तीही डिप्लोमावरून आलेली. एका रात्री पाण्याची बाटली भरायला आली आणि माझी खोडाखोड बघून थांबली. तिने पुस्तक मागितलं नाही. म्हणाली, "माझ्यासमोर एक कर बघू. पहिल्यापासून. मी काही बोलत नाही."

एक्सचा वर्ग गुणिले वाय. मी एक्सने डेरिव्हेटिव्ह घेतलं, टू एक्स वाय आलं, आणि डिप्लोमात शिकवल्याप्रमाणे पुढे अधिक करून एक्सचा वर्ग, डी वाय बाय डी एक्स लिहायला लागले. तिने पेनावर बोट ठेवलं.

"वायला कशाला हात लावतेस?"

"त्याचंही डेरिव्हेटिव्ह घ्यायचं ना?"

"साध्या डीला घ्यायचं. हा डो आहे. एक्सने घेत असशील तर वाय म्हणजे नुसता आकडा, पाच किंवा सात. पाचाचं काय करतेस तू?"

"पाच तसाच ठेवते."

"मग वायही तसाच ठेव."

टू एक्स वाय. संपलं. बारावीवाल्यांना हे एम-वनमध्ये शिकवलेलं होतं, आम्हाला कधीच नाही, आणि पुढचं ग्रेडियंट, डायव्हर्जन्स, कर्ल सगळं त्याच्यावर उभं होतं. सरांनी वर्गात ते सांगितलं नाही, कारण इथे कुणी अडलंय हे त्यांना दिसायला मार्गच नव्हता. मला विचारता आलं नाही, कारण आपण नेमकं कुठे अडलोय हेच मला माहीत नव्हतं. 'कळत नसेल तर विचारा' या वाक्यातली गोम हीच आहे. विचारायलासुद्धा थोडंफार कळावं लागतं.

त्यानंतर ताई जेवणं झाल्यावर अर्धा-पाऊण तास माझ्या खोलीत यायची. हळूहळू आमच्या मजल्यावरच्या आणखी डिप्लोमावाल्या मुली येऊन बसायला लागल्या. ती शिकवायची फार कमी. आम्हाला सोडवायला लावायची आणि बघत बसायची. कुणाचं पार्शल फ्रॅक्शन विसरलेलं निघे, कुणाची ट्रिगोनोमेट्री कच्ची. एकीला सगळं येत होतं, ती फक्त इंग्रजीतला प्रश्न अर्धाच वाचून उत्तर लिहायची. एकाच वर्गातल्या आम्ही सगळ्या नापास होण्याच्या बेतात, पण प्रत्येकीचं दुखणं वेगळं. फळ्यावरून ते कुणालाच दिसलं नसतं.

पास व्हायला शंभरात 40 लागतात. मला त्याहून बऱ्यापैकी जास्त पडले आणि एम-थ्री सुटला. आमच्यातल्या एकीचा राहिला, तिने पुढच्या सेमिस्टरला काढला.

ताईचं नंतर कळलं ते असं. ती विद्यापीठाच्या कमवा व शिका योजनेत होती. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची ही योजना. गरजू मुलांनी कॉलेजात काम करायचं आणि तासांप्रमाणे मानधन घ्यायचं. ताईकडे लायब्ररी होती. पुस्तकांवर शिक्के मारणं, रॅक लावणं, नोंदी करणं. त्या तासांचे तिला पैसे मिळायचे. आमच्यासाठी बसली त्या तासांचे मिळाले नाहीत, कारण आमच्या कॉलेजच्या कामांच्या यादीत ऑफिस, लायब्ररी, लॅब आणि बाग होती, शिकवणं नव्हतं. पुढे परीक्षा जवळ आली तेव्हा तिचा स्वतःचा प्रोजेक्ट अडला आणि काही दिवस तिला आमच्याकडे यायला जमलं नाही. लायब्ररीत मात्र ती जात होती. तिला जावंच लागे, मेसचं बिल त्यावर होतं.

एम-थ्री चांगल्या मार्कांनी सुटलेल्यांची यादी कॉलेजकडे असते, राहिलेल्यांचीही असते, आणि कमवा व शिकाचं रजिस्टर ऑफिसातच असतं. त्या रजिस्टरात 'गणित शिकवणे' एवढी एक ओळ वाढवायला ना नवी योजना काढावी लागते, ना नवा प्राध्यापक नेमावा लागतो.