हुबळी-धारवाडची फेरी

हिमालयातील नगरे व तीर्थे पाहावयास पुष्कळ मंडळी जातात. आम्ही मात्र धर्मग्रामातील काही कुटुंबांसह, एक जाणता वाटाड्या घेऊन, हुबळी-धारवाड गाठले. दोन्ही शहरांत अंतर अवघे वीस किलोमीटर.

हुबळीस प्रथम सिद्धारूढ मठ पाहिला. स्वामी १९२९ साली समाधिस्थ झाले. येणाऱ्या-जाणाऱ्यास तेथे अन्नप्रसाद मिळतो. धारवाडच्या वाटेवर उणकल लागते. तेथील चंद्रमौळेश्वराचे चालुक्यकालीन देऊळ चारही दिशांना द्वारे ठेवून उभे आहे.

परंतु आमचे मन रमले ते धारवाडच्या साधनकेरीत, द. रा. बेंद्रे यांच्या घरी. त्यांची मातृभाषा मराठी, काव्य कन्नड. १९७३ चे ज्ञानपीठ त्याच काव्याला लाभले. त्याच वर्षीचा साहित्य अकादमीचा मराठी पुरस्कार मिळविणारे कथाकार जी. ए. कुलकर्णीही याच गावी इंग्रजी शिकवीत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. बेळगावचा वाद तर अजून न्यायालयात आहे. तेव्हा आमच्यापैकी एका गृहस्थांनी विचारलेच, "बेंद्रे आपले की त्यांचे?"

वाटाड्या कानडी, पण मराठी स्वच्छ बोलणारा. तो हसून म्हणाला, "घरात मराठी, कागदावर कन्नड. साहेब, यातले कोणते अर्धे घेऊन जाता?"

गृहस्थ गप्प झाले. पुढे पेढ्यांच्या दुकानी त्यांनी मराठीत पेढे मागितले, दुकानदाराने कन्नडमध्ये हिशेब सांगितला, आणि पैसे बरोबर दिले गेले. त्या दुकानी मंडळींनी साधनकेरीहून अधिक वेळ घालविला, हे मात्र आम्हांस रुचले नाही.