झोंबी आपल्या तालुक्यात आण

खामगाव

चि. सोनू,

तुझ्या झोंबी-कादंबरीची सुरुवातीची प्रकरणं एका बैठकीत वाचली. भाषेला वेग आहे, पण भीती वाटली नाही. तुझं शहर कुठलंच नाही रे! तिथे पाणी कुठून येतं, रेशन कोण वाटतं, काही कळत नाही. मेलेला माणूस उठून चालतो, हे एक खोटं वाचक आनंदाने पत्करतो. त्यानंतरचं सगळं मात्र त्याला खरं लागतं.

मॅक्स ब्रूक्सची 'वर्ल्ड वॉर झी' (2006) मिळव. सगळं संपल्यावर देशोदेशीच्या माणसांच्या मुलाखती घ्याव्यात, तशी ती रचली आहे. त्यात झोंबींपेक्षा दडवलेल्या बातम्या आणि बोगस लस यांनीच माझी झोप उडवली. आपल्याकडे नारळीकरांनी 'हिमप्रलय'मध्ये मुंबईत बर्फ पाडला, आणि तो पटला, कारण त्यामागे विज्ञानाचा हिशेब होता. 'झोंबिवली' (2022) सिनेमानेही डोंबिवलीच निवडली.

तुला तर इतकं लांब जायचीही गरज नाही. डिसेंबर 2024 च्या अखेरीस शेगाव तालुक्यात काय झालं, ते आठव. बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत आधी डोकं खाजायचं, मग केस राठ व्हायचे, आणि हात फिरवला की झुपकेच्या झुपके हातात. काहींना दोन-चार दिवसांत टक्कल. बायका, म्हातारे, शाळेतली पोरं, कुणी सुटलं नाही. आधी बुरशीचा संशय, मग शाम्पूचा, मग पाण्याचा. आपला हा खारपाणपट्टा, त्यामुळे पाण्यावर संशय जाणारच. नमुन्यांत नायट्रेटही जास्त निघालं. जानेवारीत आयसीएमआरचं पथक आलं. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. एप्रिलमध्ये काहींची नखंही गळू लागली.

कारण कळेपर्यंतचे ते दिवस डोळ्यांपुढे आण. ज्या गव्हावर संशय गेला, त्याच्याच पोळ्या तोवर रोज चुलीवर भाजल्या जात होत्या. आजार अंगाला लागला होता, पण बोच लोकांच्या नजरेची होती. या गावात पोरगी द्यायची का, इथल्या माणसाशेजारी बसायचं का, हे प्रश्न लोक उघड विचारत होते.

विश्वासार्ह झोंबी-कादंबरीची ओढ मला इथेच दिसते. वाचक त्यात स्वतःला तपासतो: शेजारी रात्री दार ठोठावेल तेव्हा मी कडी काढेन का? हा प्रश्न न्यूयॉर्कच्या उंच इमारतीपेक्षा शेगाव स्टेशनच्या फलाटावर जास्त टोचेल. एकादशीच्या गर्दीत एकाला चावा बसला, तर आधी कुणाला कळेल? प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सला. ती नोंद कुठल्या रजिस्टरात करेल? वरच्या साहेबाला काय सांगेल? आशाताई घरोघरी जाईल की नाही? हे तुला ठाऊक असेल, तर झोंबीचा चेहरा वर्णन करायला दोन ओळी पुरतील.

एक विनंती मात्र मनापासून. गावाचं नाव बदल. बोंडगावच्या माणसांनी पुष्कळ सोसलंय. त्यांच्या टकलाचा झोंबी करू नकोस. पुढच्या खेपेला आलास की एखाद्या आरोग्य केंद्रात दिवसभर नुसता बसून राहा, आणि मग पहिलं प्रकरण नव्याने लिहून मला पाठव.

तुझा
मामा